एसीच्या निचरा नळीची देखभाल: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

एसीच्या इनडोअर युनिटखालच्या भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसला की घरातला पहिला अंदाज बहुधा ‘गॅस गेला असेल’ असा असतो आणि दुसरा ‘मशीन जुनं झालं’ असा. प्रत्यक्षात खोली नीट गार होत असेल आणि तरीही पाणी आत गळत असेल, तर यंत्राला बहुधा काहीही झालेले नसते. पाणी बाहेर नेणारी नळी तेवढी तुंबलेली असते. ती मोकळी करण्याचे काम घरच्या घरी करता येते आणि त्याला फारसा वेळही लागत नाही. मात्र ते योग्य टोकाकडून सुरू करावे लागते. गळती आत दिसते म्हणून आपण आतले युनिट उघडून बसतो आणि अडचण पुष्कळदा बाहेर लोंबणाऱ्या टोकापाशी निघते. येथे प्रामुख्याने भिंतीवरच्या स्प्लिट एसीचा विचार केला आहे. इतर प्रकारांतले फरक पुढे थोडक्यात दिले आहेत.

पाणी येते कुठून आणि जाते कसे

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतेच. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २१ अंश येतो. म्हणजेच २१ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतले पाणी थेंबाथेंबाने जमू लागते. एसीची कूलिंग कॉइल याहून बरीच थंड असल्यामुळे खोलीतली हवा तिच्यावरून फिरताना एकीकडे गार होते आणि दुसरीकडे कोरडी होत जाते. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला १ ते २ लिटर पाणी सहज काढतो, म्हणजे आठ तासांत अर्धी ते एक बादली. कोरड्या हवेत मात्र तोच एसी दिवसभर चालूनही बाहेर थेंबभर पाणी पडत नाही आणि तो दोष नसतो, हे नवख्या माणसाने आधीच लक्षात ठेवलेले बरे.

कॉइलवरून निथळलेले पाणी खालच्या पन्हळीसारख्या अरुंद ट्रेमध्ये जमते. हा ट्रे जेमतेम काही सेंटीमीटर खोल असतो. त्याच्या एका टोकाला असलेल्या तोटीला घडीघडीची लवचीक नळी जोडलेली असते. ती तांब्याच्या पाइपांबरोबर टेपमध्ये गुंडाळून भिंतीतल्या भोकातून बाहेर काढतात आणि पुढे बहुधा पीव्हीसीच्या पाइपला जोडतात. या सगळ्या वाटेवर पाण्याला ढकलणारे काहीही नसते. पंप नाही, दाब नाही. ट्रेमध्ये साचलेल्या बोटभर पाण्याचे वजन आणि नळीचा ढाळ एवढ्यावरच सारे चालते. घरातल्या नळाचे पाणी टाकीच्या दाबाने अडथळा ढकलून पुढे जाते, तसे येथे होत नाही. त्यामुळे नळीत थोडासा गाळ साचला, किंचित झोल पडला किंवा बाहेरचे तोंड अर्धवट झाकले गेले, तरी पाणी थबकते, ट्रे भरतो आणि पाणी त्याच्या कडेवरून भिंतीवर उतरते.

नळी तुंबते कशाने

फिल्टर कितीही स्वच्छ ठेवला तरी बारीक धूळ, कपड्यांचे तंतू आणि त्वचेचे सूक्ष्म कण त्यातून निसटतात आणि ओल्या कॉइलला चिकटतात. पाण्याबरोबर ते ट्रेमध्ये उतरतात. तिथला काळोख, सततची ओल आणि हे खाद्य मिळाले की जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि त्यांचा एक बुळबुळीत थर तयार होतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पण शेवाळाला उजेड लागतो आणि हा थर तर अंधारातच फोफावतो. हाताला तो खळीसारखा चिकट लागतो. नळीतून बाहेर काढल्यावर त्याचा बोटभर लांबीचा, करड्या रंगाचा, जेलीसारखा थुलथुलीत गोळा निघतो आणि त्याच्यावर नळीच्या आतल्या वळ्या ठशासारख्या उमटलेल्या असतात. असा एक गोळा पाहिला की नळी आतून कशी भरत जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे कारण बाहेरच्या तोंडाशी असते. कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर, कोळ्याचे जाळे, वाळलेली पाने, भिंत रंगवताना तोंडावर बसलेला रंगाचा पापुद्रा, यांपैकी काहीही तिथे सापडू शकते. तिसरे कारण बसवणीतले असते: नळीला झोल पडलेला असणे, टेप आवळताना ती चेपलेली असणे, भिंतीतल्या भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला नसून आत असणे. या तिसऱ्या प्रकारात नळी कितीही वेळा धुतली तरी महिन्या-दोन महिन्यांत गळती परत सुरू होते, म्हणून ‘आत्ताच तर सर्व्हिसिंग केलं होतं’ अशी तक्रार असेल तर धुण्याऐवजी आधी ढाळ तपासावा.

दोष नळीचाच आहे का?

काहीही उघडण्यापूर्वी एसी कूलिंगवर लावून २०-२५ मिनिटे चालू द्यावा आणि बाहेर जाऊन नळीचे टोक पाहावे. हवा दमट असेल तर तोवर थेंब पडू लागायला हवेत. आत गळते आहे आणि बाहेरचे टोक कोरडे आहे, तर वाट बंद आहे. आतही गळते आहे आणि बाहेरही चांगली धार आहे, तर मात्र थांबून विचार करावा. नळी मोकळी असूनही पाणी दुसरीकडून निसटते आहे. कदाचित युनिट भिंतीवर तिरके बसले असेल आणि पाणी तोटीच्या उलट्या बाजूला साचत असेल. पुष्कळ युनिटांच्या ट्रेला दोन्ही टोकांना तोट्या असतात आणि न वापरलेल्या तोटीला रबरी बूच लावलेले असते. सफाईनंतर ते बूच बसवायचे राहून गेले तरीही नेमकी अशीच गळती होते.

कॉइलवर बर्फ धरत असेल तर प्रकरण वेगळे आहे. फिल्टर धुळीने माखलेला असला किंवा गॅस कमी झाला असला की कॉइलवर बर्फ जमतो आणि एसी बंद केल्यावर तो एकदम वितळून ट्रेबाहेर सांडतो. एसी चालू असताना गळत नाही, बंद केल्यावर गळते आणि खोलीही पुरेशी गार होत नाही, अशी खूण दिसली तर फिल्टर धुऊन पाहावा. तरीही बर्फ धरत असेल तर ते टेक्निशियनचे काम आहे. तसेच, नळीचा घराच्या आतला भाग उघडा असेल तर तिच्या बाहेरच्या अंगाला घाम येऊन थेंब पडतात. नळी कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटांनी पाहावे. सांध्यापाशीच नव्हे तर सगळ्या लांबीवर ओल उमटली तर ती गळती नाही, तिथे फोमचे आवरण चढवले की काम भागते.

आतल्या युनिटमधून गुळगुळ आवाज येत असेल, तर खोलीचे एक खिडकीचे दार किंचित उघडून पाहावे. दारे-खिडक्या घट्ट बंद असताना एक्झॉस्ट फॅन चालू असला की खोलीत येणारी हवा निचरा नळीतूनच आत ओढली जाते आणि पाण्यातून बुडबुडे काढते. खिडकी उघडताच आवाज थांबला तर नळी निर्दोष आहे.

तयारी

विजेरी, एक बादली, जुनी फडकी, मऊ ब्रश, निमुळत्या तोंडाची अर्ध्या लिटरची दाबता येणारी बाटली आणि डगमगणार नाही अशी शिडी एवढे पुरते. ओले-कोरडे दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर काम निम्म्यावर येते; मात्र केवळ कोरड्या धुळीसाठी असलेला घरगुती व्हॅक्यूम क्लीनर येथे मुळीच वापरू नये, कारण पाणी थेट मोटारीत जाते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो.

रिमोटने एसी बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. एसीचा एमसीबी (वीजपेटीतला, त्या जोडणीची वीज तोडणारा खटका) खाली पाडावा आणि पाच मिनिटे थांबावे. युनिटच्या एका बाजूला, बहुधा उजवीकडे, विजेच्या जोडण्यांची पेटी असते. तिथे पाण्याचा थेंबही जाता कामा नये. बाहेरचे टोक उंचावर असेल आणि खिडकीतून वाकून किंवा सज्जावर उतरूनच हात पोचणार असेल, तर तो भाग स्वतः करू नये. पाणी गळण्याने भिंत खराब होते. तोल गेल्याने काय होते ते लिहिण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष काम

सुरुवात बाहेरच्या टोकापासून करावी. तोंडाशी दिसणारा कचरा, माती, जाळे हाताने किंवा ब्रशने काढावे. येथे तार खुपसण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण घडीघडीच्या नळीची भिंत पातळ असते आणि टोकदार तारेने तिला भोक पडले तर ते नेमके भिंतीच्या आत पडते आणि कुठे पडले ते कळायला पोपडे सुटेपर्यंत वाट पाहावी लागते. तोंड मोकळे होताच साचलेले पाणी एकदम खाली आले तर अर्धे काम झाले असे समजावे, पण तिथे थांबू नये. चिकट थर अजून आतच असतो.

त्यानंतर व्हॅक्यूमची नळी बाहेरच्या टोकावर धरावी, दोघांमधली फट ओल्या फडक्याने घट्ट गुंडाळावी आणि दोन-तीन मिनिटे ओढू द्यावे. मध्येच आवाज बदलतो, घरघर थांबून मोकळा सुस्कारा आल्यासारखा होतो. गोळा निघून आल्याची ती खूण असते. टाकी उघडून खात्री करावी. असे यंत्र नसेल तर हाताने चालवायचा छोटा पंप चालतो. तोंडाने ओढण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत, जोराची हवा किंवा पाणी मारण्याची पद्धत सर्रास दिसते. मला ती पटत नाही. अडकलेला गाळ तिने मागे ट्रेमध्ये जाऊन बसतो, ट्रेतले घाण पाणी वर उसळून विजेच्या पेटीवर उडू शकते आणि भिंतीतला सांधा निखळण्याची शक्यता असते. आज पाणी वाहू लागते आणि ट्रेमधला तोच गोळा आठवडाभरात पुन्हा तोटीशी येऊन बसतो.

मग आतली बाजू. समोरचे झाकण उघडून फिल्टर काढावेत, ते नळाखाली धुऊन सावलीत वाळत ठेवावेत. काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवला तर परत बसवताना डोके खाजवावे लागत नाही. काही युनिटांमध्ये कॉइलखाली ट्रेची कडा दिसते, काहींमध्ये दिसत नाही. स्क्रू काढून आख्खा ढाचा उतरवल्याशिवाय ट्रे दिसत नसेल तर पहिल्याच प्रयत्नात तिथवर जाऊ नये. युनिटखाली भिंतीला जुनी चादर लावून घ्यावी. बाटलीत कोमट पाणी भरून, विजेच्या पेटीपासून दूरच्या बाजूला, कॉइलच्या खालच्या भागावर बारीक धारेने सोडावे. अर्धा लिटर पाणी दोन मिनिटांत ओतणे म्हणजे तासाला १५ लिटरचा वेग. इतके पाणी एसी स्वतः कधीच काढत नाही. त्यामुळे या वेगाने सोडलेले पाणी आत न सांडता बाहेर आले, तर नळी रोजच्या कामाला पुरून उरेल. घाई केली तर मोकळी नळीही हे पाणी पेलत नाही. मी पहिल्या वेळी अख्खा तांब्या एकदम रिकामा केला आणि पडदा भिजवून ‘नळी अजून तुंबलेलीच आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढून बसलो.

पाणी ओतताना दुसऱ्या माणसाने बाहेरच्या टोकापाशी उभे राहावे. पाणी किती वेळाने आले, सलग आले की थबकत आले आणि त्याचा रंग कसा होता, हे त्याने सांगायचे. सुरुवातीला गढूळ पाणी आणि गाळाचे तुकडे येतात. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन वेळा हेच करावे. थबकत, गुटगुट करत येणारे पाणी बहुधा झोलाची खूण असते.

फिल्टर पूर्ण वाळल्यावर बसवावेत, झाकण लावावे, बूच जागेवर आहे ना ते पाहावे आणि मगच एमसीबी वर करावा. अर्धा तास एसी चालवून आतली भिंत आणि बाहेरचे टोक दोन्ही पुन्हा पाहावे.

नळीत काय ओतावे आणि काय ओतू नये

नेहमीच्या देखभालीला कोमट पाणी पुरते, असे माझे मत आहे. उकळते पाणी ओतू नये. पीव्हीसी साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि सांधे ढिले होतात. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे.

फार दिवसांचा चिकट थर असेल तर घरगुती पांढरे व्हिनेगर कपभर घेऊन, शक्यतो फक्त तोटीत जाईल असे सोडावे, अर्धा तास थांबावे आणि मग भरपूर पाण्याने धुऊन काढावे. ते कॉइलवर ओतू नये. त्यातल्या अॅसेटिक आम्लाची वाफ ओलसर तांब्याला कालांतराने सूक्ष्म छिद्रे पाडू शकते आणि अशा छिद्रांतून गॅस निसटतो. नळी वाचवताना कॉइल गमावण्यात अर्थ नाही. ब्लीचने थर मरतो खरा, पण अॅल्युमिनिअमच्या पत्र्या आणि तांबे दोन्ही खराब होतात, म्हणून स्प्लिट एसीच्या ट्रेमध्ये मी ते वापरत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. एकाचा वापर करून झाल्यावर त्याच दिवशी दुसरे ओतणेही टाळावे. मोरी उघडण्यासाठी मिळणारी कॉस्टिक सोड्याची पूड तर दूरच ठेवावी, कारण कॉस्टिक सोडा अॅल्युमिनिअमला खातो.

ढाळ आणि बाहेरचे तोंड

नळीला दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा. २ सेंटीमीटर मिळाला तर उत्तम. पीव्हीसीच्या आडव्या भागावर पाणसळ ठेवून हे पाहता येते. लवचीक नळीत पाणसळीचा उपयोग नसतो. तिथे डोळ्यांनीच पाहावे, की वाटेत ती कुठेही खाली जाऊन पुन्हा वर चढत नाही ना. दोन आधारांमध्ये लोंबणाऱ्या नळीत झोल पडतोच, म्हणून दर अर्ध्या-पाऊण मीटरवर क्लॅम्प हवा. झोलात पाणी साचून राहते, त्यात गाळ बसतो आणि सगळा चिकट थर तिथूनच सुरू होतो.

बाहेरचे तोंड उघड्या हवेत असावे. एसीचे पाणी झाडांना घालता येईल म्हणून मी एकदा नळीचे टोक बादलीत सोडले होते. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या रात्री बादली भरली, टोक पाण्यात बुडाले आणि पहाटे आत गळती सुरू झाली. वर झोलात साचलेले पाणी आणि खाली बुडालेले तोंड यांच्यामध्ये हवा कोंडली गेली होती आणि ट्रेमधल्या बोटभर पाण्यात ती हवा ढकलण्याइतका जोर नव्हता. टोक बादलीच्या काठाच्या वर आणून बांधताच गळती थांबली. टोक जमिनीला किंवा चिखलाला टेकलेले असले तरी हेच होते. मैलापाण्याच्या पाइपमध्ये नळी थेट घुसवू नये. पाण्याची वाट हीच वासाची आणि किड्यांची वाट होते. कीटक शिरू नयेत म्हणून तोंडावर जाळी लावायची तर मोठ्या छिद्रांची लावावी. बारीक जाळीवर तोच चिकट थर धरतो आणि जाळीच बूच होऊन बसते.

दोन-तीन एसींच्या नळ्या एकाच पाइपला जोडल्या असतील तर तो पाइप मोठ्या व्यासाचा हवा. सामाईक पाइप तुंबला की वरच्या एसीचे पाणी खालच्या एसीच्या ट्रेमधून बाहेर पडते आणि गळणारा एसी बंद असल्यामुळे घरचे लोक चक्रावून जातात.

इतर प्रकारचे एसी

खिडकीच्या एसीत तळाशी थोडे पाणी साचणे अपेक्षितच असते. पुष्कळ यंत्रांत मागचा पंखा ते पाणी उडवून गरम कॉइलवर टाकतो. फक्त यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित कललेले हवे. छतातल्या कॅसेट एसीत पाणी वर उचलणारा छोटा पंप असतो. तो बंद पडला तर नळी धुऊन काही उपयोग होत नाही.

डक्टच्या मध्यवर्ती एसीत ट्रेजवळ पाइपला इंग्रजी यू अक्षरासारखे वळण दिलेले असते आणि त्यात पाणी भरलेले असावे लागते. पंखा कॉइलमधून हवा ओढत असल्याने ट्रेपाशी दाब कमी असतो. वळणातले पाणी आटले तर बाहेरची हवा पाइपमधून आत ओढली जाते आणि ट्रेमधले पाणी अडून राहते. म्हणून बरेच दिवस बंद असलेला असा एसी सुरू करण्यापूर्वी त्या वळणात पाणी ओतावे. पुष्कळ ठिकाणी तरंगता स्विच बसवलेला असतो, तो ट्रेमधले पाणी वाढताच यंत्र बंद करतो. ‘एसी आपोआप बंद पडतो’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच असते. तो स्विच काढून एसी चालू ठेवणे म्हणजे छतात पाणी सोडणे होय.

किती दिवसांनी आणि कोणी

एसी रोज चालत असेल तर फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवावा. नळी तुंबू नये यासाठी याहून स्वस्त उपाय नाही. बाहेरच्या टोकाकडे जाता-येता नजर टाकावी. बाटलीने पाणी सोडून पाहण्याची चाचणी दमट ऋतूत दर दोन-तीन महिन्यांनी आणि बऱ्याच दिवसांनी एसी सुरू करताना करावी.

कॉइलवर बर्फ धरत असेल, ट्रेला तडा गेला असेल, भिंतीतल्या भोकाचा उतार उलटा असेल किंवा विजेच्या पेटीपर्यंत पाणी पोचले असेल, तर एमसीबी खालीच ठेवून टेक्निशियनला बोलवावे. कॉइल प्रेशर पंपाने धुतली गेली असेल तर सुटलेली सगळी धूळ ट्रेमध्येच उतरलेली असते, म्हणून गळती सर्व्हिसिंगनंतरच्या आठवड्यात सुरू होणे मुळीच नवलाचे नाही. काम संपल्यावर त्यांनी शिडी आवरण्याआधी ट्रेमध्ये लिटरभर पाणी सावकाश सोडायला सांगावे आणि तेवढ्या वेळात आपण बाहेर जाऊन नळीच्या टोकाशी उभे राहावे.